कोरड्या भागातली जमीन शेतीला चालेल का, हे बघायचं कसं

कोरड्या प्रदेशातली सपाट मोकळी जमीन दिसली की पहिला प्रश्न पाण्याचाच येतो. बोअरला पाणी लागेल का, कालवा कधी येणार, ठिबक टाकलं तर किती भिजेल. एकदा पाण्याची सोय झाली की बाकी सगळं आपोआप होईल असं धरूनच लोक चालतात. पण कोरड्या भागात खरी गडबड पाणी आल्यावर सुरू होते, कारण आज तुम्ही जी जमीन बघताय ती हजारो वर्षं धड न भिजलेली जमीन आहे आणि दहा वर्षं पाणी पाजल्यावर ती अशीच राहणार नाही. त्यामुळे इथे आजची जमीन तपासायची ती तपासायचीच, पण त्याहून जास्त डोकं लावायचं ते पाणी दिल्यानंतर तिचं काय होऊन बसेल यावर.

आधी कोरडा म्हणजे किती कोरडा ते बघू. नुसत्या पावसाच्या आकड्यावरून हे कळत नाही. थंड प्रदेशात ३०० मिमीवर बऱ्यापैकी भागतं आणि तापलेल्या भागात तेवढ्यावर काहीच उभं राहत नाही. म्हणून पावसाला बाष्पीभवनाच्या क्षमतेने भागतात, म्हणजे हवं तेवढं पाणी असतं तर ऊन, वारा आणि झाडं मिळून वर्षभरात किती पाणी उडवलं असतं त्या आकड्याने. उत्तर ०.०५ च्या खाली आलं तर अतिशुष्क, ०.०५ ते ०.२० शुष्क, ०.२० ते ०.५० निमशुष्क. पाऊस १५० मिमी आणि उडवायची ताकद १५०० मिमी असेल तर उत्तर ०.१०, म्हणजे आभाळ देतं त्याच्या दहापट परत मागतं.

पुढचं सगळं यातूनच निघतं. जास्त पावसाच्या भागात जास्तीचं पाणी मातीतले क्षार खाली खाली नेत शेवटी नदीला नेऊन सोडतं, तिथे माती दरवर्षी धुतली जाते. इथे पाणी फूट-दोन फूट खाली जातं, तिथेच थांबतं आणि वाफ होऊन परत जातं, जाताना त्यात विरघळलेलं सगळं मागे ठेवून जातं. म्हणून कोरड्या मातीत थर सापडतात, वर चुनखडी, तिच्याखाली जिप्सम (कॅल्शियम सल्फेटचं खनिज) आणि सगळ्यात सहज विरघळणारे क्षार आणखी खाली, हा साधारण क्रम. सेंद्रिय कर्ब बहुतेक ०.५ टक्क्याच्या आत, सामू ७.५ ते ८.५ च्या आसपास, आणि स्फुरद, जस्त, लोह मातीत असूनसुद्धा चुन्यामुळे अडकून बसलेलं, पिकाला मिळत नाही. यातलं अन्नद्रव्यांचं दुखणं खतांनी निभावता येतं, त्यामुळे मी त्यावर फार थांबत नाही. माती परीक्षणाच्या रिपोर्टमध्ये लोक नेमके तेच रकाने आधी बघतात ही वेगळी गोष्ट.

आता जमिनीला दर्जा द्यायची पद्धत. जगभर जी सगळ्यात जास्त वापरली जाते ती संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, १९७६ साली मांडली. तिचा गाभा एवढाच की जमीन चांगली का वाईट असं विचारूच नका, कशासाठी चांगली ते विचारा. ठिबकवर खजूर, पाटपाण्यावर गहू, नुसत्या पावसावर चारा, हे तीन वेगळे वापर आहेत आणि एकाच तुकड्याला या तिन्हींसाठी तीन वेगळे दर्जे मिळू शकतात. दर्जे असे: एस-१ म्हणजे उत्तम, एस-२ मध्यम, एस-३ जेमतेम, एन-१ म्हणजे सध्या नाही (दुरुस्ती होण्यासारखी आहे पण आजच्या खर्चात परवडत नाही), आणि एन-२ म्हणजे कायमचा नकार. त्यात एक अट आहे जी बरेच जण वाचून पुढे जातात, की तो वापर वर्षानुवर्षं टिकला पाहिजे, दोन हंगाम पीक आलं आणि मग जमीन बसली तर ती योग्य धरायची नाही. आजची योग्यता आणि सुधारणा केल्यानंतरची योग्यता या दोन्ही वेगळ्या लिहायच्या. त्याआधी अमेरिकेत १९६१ ची आठ वर्गांची पद्धत होती, ती धूप आणि मशागतीच्या अंगाने चांगली आहे पण सिंचन नसलेली कोरडी जमीन तिच्यात शेवटच्या वर्गांत जाऊन पडते आणि तिथून पुढे काही कळत नाही.

कागद बाजूला ठेवून आधी खड्डा खणा. दीड मीटर खोल, माणूस उतरेल एवढा रुंद, एक बाजू उन्हाकडे. गिरमिटाने माती काढून चालतं, पण थर जसेच्या तसे दिसायला खड्डाच लागतो. आत उतरून चाकूने भिंत वरून खाली खरवडत यायचं, हाताला कुठे फरक लागतो तिथे रेघ मारायची. मुळं कुठपर्यंत गेलीत आणि कुठे आडवी वळलीत ते बघा, मुळं आडवी वळली म्हणजे खाली काहीतरी आहे जे त्यांना शिरू देत नाही. पांढरे खडे दिसले तर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, फसफसलं तर चुनखडी. फसफसत नाही पण उन्हात चकाकतंय, नखाने ओरखडा जातोय, मग जिप्सम असायची शक्यता मोठी. चुनखडी मोकळ्या खड्यांच्या रूपात असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही, पण तीच एकमेकांना चिकटून फरशीसारखी झाली असेल आणि कुदळ उडत असेल तर तुमच्या जमिनीची खोली तिथे संपली असं समजा. साधारण मीटरभर मोकळी माती असेल तर बहुतेक शेतपिकांचं भागतं, फळझाडांना दीड मीटर तरी बरं.

पोत, म्हणजे मातीत वाळू किती आणि चिकणमाती किती, हातानेच कळतो, माती भिजवून तळहातावर मळा आणि अंगठ्याने दाबत पट्टी काढा, पट्टी लांब निघते तेवढी चिकणमाती जास्त. साध्या वाळूत मीटरभर खोलीमागे पिकाच्या कामी येईल असं पाणी ६० ते ८० मिमी मावतं, पोयट्यात त्याच्या दुपटीच्या आसपास. यावरून भारी जमीन नेहमीच बरी असं वाटेल, पण कोरड्या भागात पावसावरच्या झाडांसाठी हे उलटं पडतं. वाळूत पाऊस झटकन खाली उतरतो आणि वरचा कोरडा थर झाकणासारखा राहतो, भारी मातीत तोच पाऊस वरच्या चार बोटांत अडकतो आणि दोन दिवसांत उडून जातो. वाळवंटात वाळूच्या पट्ट्यावर झुडपं बरी दिसतात आणि शेजारच्या चिकणमातीवर काही नाही, हे चित्र त्यामुळेच. सिंचन आलं की पुन्हा गणित बदलतं. म्हणून पोताला आधीच मार्क देऊन मोकळं व्हायचं नाही, पाणी कसं देणार ते ठरल्यावर द्यायचे.

कठीण थराचं महत्त्व समजायला राजस्थानातला इंदिरा गांधी कालवा बघा. १९५८ ला काम सुरू झालेला हा कालवा सतलज-बियासचं पाणी थेट थारच्या वाळवंटात घेऊन गेला आणि ओसाड जमिनीवर खरोखर पिकं उभी राहिली. पण कालव्याखालच्या काही भागांत वाळूच्या खाली थोड्याच खोलीवर पाणी जिरू न देणारे थर होते. वरून पाणी भरपूर, खाली जायला वाट नाही, मग भूजल वर वर येत गेलं आणि वाळवंटात पाणथळ जागा झाल्या, वरती क्षार आले, शेतं गेली. वरून बघितलं तर ती जमीन वाळूचीच, म्हणजे निचऱ्याला एक नंबर वाटेल अशी. दीड मीटरच्या खड्ड्यातसुद्धा असा थर दर वेळी सापडतोच असं नाही, म्हणून मोठ्या क्षेत्राला पाणी द्यायचं असेल तर मध्ये मध्ये पाच-दहा मीटरची बोअर मारून खाली काय आहे ते बघून घेतात, आणि हा खर्च वाचवायचा नसतो.

जिप्समची गोष्ट अजून मजेशीर. ते पाण्यात विरघळतं, लिटरला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे मिठाच्या मानाने काहीच नाही आणि चुनखडीच्या मानाने खूपच जास्त. कोरडं आहे तोवर जमीन टणक, इमारत बांधावी अशी. पाणी फिरायला लागलं की आतलं जिप्सम हळूहळू निघून जातं, पोकळ्या होतात, पाट खचतात, शेतात मध्येच खड्डे पडतात, सपाटीकरणाचे पैसे पाण्यात. थोडं जिप्सम असलं तर उलट फायदाच आहे (का ते चोपण जमिनीच्या ठिकाणी येईलच), पण थरच्या थर जिप्समचा असेल तर पाटपाण्याचा विचार सोडून द्यावा.

आता क्षार. क्षार मोजतात ते विद्युत वाहकतेवरून, रिपोर्टमध्ये ईसी लिहिलेलं असतं, एकक डेसीसायमन प्रति मीटर. ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त म्हणायची, हा आकडा अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेच्या १९५४ च्या हँडबुकातून आलाय आणि अजून चालतो. पण पिकाला हा ४ चा आकडा माहीत नसतो. बार्ली ८ पर्यंत काही कुरकुर करत नाही, कापूस ७.७, गहू ६, टोमॅटो २.५, मका १.७ आणि घेवड्याच्या जातीची पिकं १ लाच मान टाकायला लागतात. मर्यादेच्या पुढे गेलं की मक्याचं उत्पन्न दर एककामागे १२ टक्क्यांनी पडतं. म्हणजे ईसी ५ असलेल्या जमिनीत मका जवळपास ४० टक्के कमी येईल आणि बार्लीला कळणारही नाही. प्राचीन मेसोपोटेमियात, आजच्या दक्षिण इराकमध्ये, गव्हाचा पेरा शतकानुशतकं कमी होत बार्लीचा वाढत गेल्याच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर सापडल्या, आणि जेकबसेन व अ‍ॅडम्स या अभ्यासकांनी १९५८ साली त्याचा संबंध सिंचनाने वाढलेल्या क्षारांशी जोडला. सगळं श्रेय क्षारांनाच द्यायचं का यावर नंतर बराच वाद झाला, पण पीक बदलत जाणं हे क्षार वाढल्याचं लक्षण असतं, हे आजही कुठल्याही कालव्याखाली बघायला मिळतं.

इथे एक सापळा आहे ज्यात शिकलेली माणसंसुद्धा अडकतात. वरचे सगळे आकडे माती भिजवून तिचा लगदा करून त्यातून खेचलेल्या पाण्याच्या ईसीचे आहेत. ही पद्धत वेळखाऊ, म्हणून बऱ्याच लॅब एक भाग मातीत दोन किंवा पाच भाग पाणी घालून ढवळतात आणि त्याची ईसी देतात. पाणी जास्त म्हणजे क्षार पातळ, आकडा लहान. एकास पाचच्या पद्धतीत १ आलेला आकडा लगद्याच्या हिशोबात ६ च्या पुढे जाऊ शकतो, हलक्या मातीत त्याहूनही वर. रिपोर्टवर १ वाचून जमीन गोडी आहे म्हणत मका पेरला तर काय होईल ते वर आलंच आहे. त्यामुळे ईसी वाचायच्या आधी कुठल्या पद्धतीने काढली ते लॅबला विचारा, रिपोर्टवर लिहिलेलं नसलं तर हमखास विचारा.

क्षारयुक्त जमीन वेगळी आणि चोपण वेगळी, आणि या दोघींची गल्लत केली की उपाय उलटा पडतो. क्षारयुक्त जमिनीत मीठ जास्त, ती धुऊन काढता येते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, जुन्या नियमाने कणांवरच्या जागांपैकी १५ टक्क्यांच्या वर, सामू ८.५ च्या पुढे. सोडियममुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, ओलं झालं की विस्कटतात, बारीक छिद्रं बुजवतात आणि पाणी वरच उभं राहतं. हे बघायला मशीन लागत नाही. वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ घ्या, काचेच्या भांड्यात स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्यात अलगद ठेवा आणि हलवू नका. ढेकूळ नुसतं तुटून पडलं पण पाणी नितळ राहिलं तर ठीक. पण ढेकळाभोवती दुधासारखं धूसर वलय तयार झालं आणि दोन तासांत ते पसरत गेलं तर सोडियमचा त्रास आहे. नळाचं किंवा बोअरचं पाणी घेऊन ही टेस्ट करू नका, त्यातले क्षारच कणांना धरून ठेवतात आणि वाईट माती चांगली दिसते. शेतातही हेच होतं, खारट पाण्यावर जमीन बरी वाटत असते आणि गोड पावसाचा एक जोराचा सडाका आला की वर पापडी धरते, बी आतच राहतं. अशा जमिनीला कॅल्शियम देऊन सोडियम हुसकावून लावायला लागतो आणि त्यासाठी सगळ्यात स्वस्त पडतं जिप्सम, मघाशी पाट खचवत होतं तेच.

नजरेनेही बराच अंदाज येतो. पांढरी पापडी म्हणजे बहुधा साधे क्षार. काळपट तेलकट डाग म्हणजे चोपण, तिथे सेंद्रिय पदार्थ विरघळून वर आलेले असतात. सकाळी ओलसर दिसणारा आणि दुपारी सुकणारा पट्टा असेल तर ओल कुठून आली म्हणून खूश होऊ नका, काही क्लोराइड क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात त्याची ती ओल.

मातीपेक्षा मला जास्त भीती वाटते ती पाण्याच्या रिपोर्टची, कारण माती एकदाच तपासतात आणि पाणी दरवर्षी येत राहतं. १ ईसीच्या पाण्यात लिटरला साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात, आणि असं पाणी पिण्यालाही फारसं खारट लागत नाही. हंगामात ५०० मिमी पाणी दिलं तर हेक्टरी ५००० घनमीटर झालं, म्हणजे तुम्ही दर हंगामाला हेक्टरी ३ टनांहून जास्त क्षार स्वतःच्या हाताने शेतात टाकताय. पीक पाणी पितं, क्षार जवळपास सगळे मागे ठेवतं. मग ते जाणार कुठे? खाली ढकलायचे असतील तर पिकाच्या गरजेपेक्षा थोडं जास्त पाणी द्यावं लागतं आणि एकूण दिलेल्या पाण्यात त्याचा वाटा किती याचा सोपा हिशोब आहे, पाण्याच्या ईसीला भागायचं, पिकाच्या मर्यादेच्या पाचपटीतून पाण्याची ईसी वजा करून जे उरेल त्याने. पाणी १.५ ईसीचं आणि पीक कापूस असेल तर जेमतेम ४ टक्के जास्तीचं पाणी पुरतं, त्याच पाण्यावर मका घेतला तर २१ टक्के. जमीन तीच, पाणी तेच आणि पाचव्या हिश्शाएवढं पाणी केवळ क्षार धुवायला. पाणीच कमी असलेल्या भागात हा आकडा पुष्कळ वेळा निर्णय करून टाकतो.

आणि ढकललेलं पाणी खाली जायला वाट पाहिजे. भूजल दीड-दोन मीटरच्या आत आलं की दिव्यातल्या वातीत तेल चढावं तसं पाणी मातीतल्या बारीक छिद्रांतून वर चढतं, वर आल्यावर उडतं आणि क्षार पृष्ठभागावर सोडतं. म्हणून भूजल किती खोल आहे हे आज विचारायचं आणि सिंचन आल्यावर ते कितीने वर येईल हेही विचारायचं. नैसर्गिक निचरा नसेल तर चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप टाकायला लागतात, ते पाणी सोडायला खाली जागा लागते, आणि हा खर्च सुरुवातीच्या हिशोबात सहसा नसतोच. पाण्याचा सोडियम आणि बायकार्बोनेटही बघा, कार्बोनेट-बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा करून उरणारा आकडा लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर ते पाणी चांगल्या जमिनीलाही हळूहळू चोपण करतं. बोरॉन राहून जातं नेहमी, ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आतसुद्धा नाजूक फळझाडांना बाधतं.

सगळे आकडे हातात आल्यावर दर्जा ठरवायचा, आणि इथे सगळ्यात जास्त फसवाफसवी होते, बहुतेक वेळा न कळत. समजा एका तुकड्याला खोलीसाठी ९५, पोतासाठी ८५, चुनखडीसाठी ९० आणि क्षारांसाठी ४० मार्क पडले. सरासरी काढली तर ७७.५. पंचाहत्तरच्या वर म्हणजे एस-१, उत्तम जमीन! पण मक्याची मुळं सरासरीत वाढत नाहीत, क्षाराने मरणारं रोप खोल माती आहे म्हणून जगत नाही. म्हणून जाणकार हे मार्क एकमेकांना गुणतात, ०.९५ गुणिले ०.८५ गुणिले ०.९० गुणिले ०.४० म्हणजे ०.२९, शंभरात २९, आणि २५ ते ५० म्हणजे एस-३, जेमतेम. ही गुणाकाराची कल्पना कॅलिफोर्नियात स्टोरी यांनी १९३३ सालीच वापरली होती. आजकाल कॉम्प्युटरवर वेगवेगळे नकाशे एकावर एक ठेवून, प्रत्येकाला वजन देऊन रंगीत मॅप काढतात, दिसतात छान, पण वजनं देऊन केलेली बेरीज शेवटी सरासरीच असते. असा मॅप कोणी समोर ठेवला की क्षार किंवा निचरा एकट्याच्या जोरावर जमीन नापास करू शकतो का, एवढं विचारा. नसेल तर त्यातला हिरवा रंग धरून चालू नका.

सॅटेलाइट मात्र उपयोगाचे आहेत. लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची आहेत, सेंटिनेल-२ ची १० मीटरपर्यंत बारीक आणि फुकट. पांढरे पट्टे कुठे वाढतायत, दुष्काळातही कुठे हिरवं राहतं, जुना ओढा कुठून जायचा हे त्यात दिसतं. मीटरभर खालचे क्षार मात्र सॅटेलाइटला दिसत नाहीत. नमुने कुठे घ्यायचे हे चित्रावरून ठरवा आणि पांढऱ्या पट्ट्याची माती चांगल्या पट्ट्यात मिसळून एकच नमुना करू नका, त्याचा रिपोर्ट दोन्हीपैकी कुठल्याच जागेचा नसतो.

सिंचनाची शक्यताच नसेल तरी जमीन लगेच एन-२ मध्ये टाकायची घाई नको. इस्रायलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटात साधारण १०० मिमी पावसावर प्राचीन काळी नबातियन नावाचे लोक शेती करत होते आणि विसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एव्हेनारी यांनी अव्दात इथे तशी शेतं पुन्हा उभी करून पीक काढून दाखवलं. युक्ती एवढीच की टेकडीच्या उतारावर पडलेलं पाणी बांधांनी वळवून खालच्या शेतात आणायचं, एका हेक्टर शेताला वीस-तीस हेक्टर उतार. तिथली माती ओली झाली की वर पापडी धरते आणि पाणी जिरू देत नाही. सिंचनाच्या तक्त्यात हा दोष, इथे तोच गुण, कारण पाणी वाहिलंच नाही तर खाली येणार काय. तर मग उतारावर पापडी हवी, खाली शेतात दोनेक मीटर खोल, पाणी धरणारी आणि क्षार नसलेली माती हवी. म्हणजे एका शेताचा दर्जा काढायला दोन जमिनी तपासाव्या लागतात, आणि त्यांचे निकष जवळजवळ उलटे.

प्रत्यक्षात करताना क्रम असा ठेवा की नापास व्हायची असेल तर जमीन लवकर आणि स्वस्तात नापास होईल. आधी भूजलाची खोली आणि खालचा कठीण थर, मग पाण्याचा नमुना (उन्हाळ्याच्या शेवटी, पातळी तळाला असताना, तेव्हा पाणी सगळ्यात वाईट असतं), मग मातीची ईसी ३०-३० सेंटिमीटरच्या थरांनी मीटरभर खोलीपर्यंत, मग ढेकळाची टेस्ट, आणि अन्नद्रव्यं शेवटी. नमुन्यांच्या जागा मोबाइलच्या जीपीएसवर टिपून ठेवा. पाणी सुरू झाल्यावर दोन-तीन हंगामांनी त्याच जागी, त्याच खोलीवर पुन्हा नमुने घ्या, त्याच लॅबमध्ये आणि त्याच पद्धतीने. साठ ते नव्वद सेंटिमीटरच्या थरात ईसी हंगामागणिक चढत असेल तर वर पीक कितीही हिरवं दिसो, धुणारं पाणी कमी पडतंय किंवा निचरा बंद आहे. यातलं कोणतं ते शेजारी पाइप उभा करून भूजलाची पातळी मोजली की कळतं, पातळी वर येत असेल तर निचरा, जागच्या जागी असेल तर पाणी.